चित्रगृहांत नांदणारें लोकांचें नाटकगृह
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या नाट्यमंडळासमोर केलेलें भाषण)



आपल्या सभागृहांतील रंगमंच काढून तेथें मोठा पडदा बसवावा व चित्रपट दाखवावे, ही सूचना महोत्सवसमितीपुढें आली तेव्हां प्रथम आम्हींच मान डोलाविली, हें आज कबूल केलें पाहिजे. नाटक बसवावयास चार महिने लागतात, चित्रपट कळ दाबतांच सुरू होतो, असा आमचा सोपा हिशेब होता. त्या हिशेबांतील चूक आम्हांस एका दूरच्या नाटकगृहाच्या इतिहासानें दाखविली.

इंग्लंडच्या ईशान्य भागांत, टाईन नदीच्या कांठीं, कोळसा व जहाजबांधणी यांवर वाढलेलें न्यूकॅसल शहर आहे. १९११ सालीं तेथील कांहीं समाजवादी मंडळींनीं आपल्या पक्षाच्या शाखेसाठीं पैसा उभा करावा म्हणून नाटकें करण्यास आरंभ केला. त्यांचा पंथ आमचा नव्हे, हें सांगावयास नकोच. परंतु पैशासाठीं आरंभलेलें काम पुढें नाटकासाठींच चालत राहिलें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. नट सारे हौशी. दिवसा पोटाचा उद्योग आणि सायंकाळीं तालीम. संस्थापकांत कॉलिन वीच हे नामांकित फुटबॉलपटूही होते. संस्थेस पुढें 'पीपल्स थिएटर' हें नांव मिळालें. बर्नार्ड शॉ यांचीं नाटकें या मंडळींनीं आवडीनें केलीं, आणि १९३६ सालीं ते वृद्ध नाटककार स्वतः त्यांच्या भेटीस आले.

त्या वेळीं त्यांचें बिऱ्हाड एका जुन्या प्रार्थनामंदिरांत होतें. हें ऐकून आमच्या स्वयंपाकघरांतील मावशींनीं हातांतील जपमाळ थांबविली! असो.

पुढें घरोघरीं दूरचित्रवाणी आली आणि त्या देशांतील शेंकडों चित्रगृहें ओस पडलीं. हीटन भागांतील 'लिरिक' त्यांतलेंच एक. १९६२ सालीं पीपल्स थिएटर तेथें राहावयास गेलें. चित्रगृहाचें नाटकगृह करणें वाटतें तितकें सोपें नसतें. उतरतीं आसनें तयार मिळतात, परंतु पडद्यामागें जवळजवळ कांहींच नसतें. छायेला खोली लागत नाहीं. हाडामांसाच्या माणसास मात्र विंगेंत उभें राहावयास, वेष बदलावयास, देखावे ठेवावयास जागा हवी. ती बहुधा प्रेक्षकांच्याच जागेंतून काढावी लागते. आसनें कमी झालीं तरी चालेल, परंतु आपले लोक उभे राहिले पाहिजेत, असा निश्चय त्यामागें असतो. तेथें आज सुमारें ५०० प्रेक्षक बसतात. रॉयल शेक्सपियर कंपनीसारख्या धंदेवाईक मंडळीनेंही तेथें प्रयोग केले.

आपल्याकडे प्रवाह उलटा वाहिला. १९३१ सालीं 'आलम आरा' आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले, आणि नाटकमंडळ्यांचीं घरें एकामागून एक पडद्याच्या स्वाधीन झालीं. मुंबईचें रॉयल ऑपेरा हाउसही चित्रगृह झालें, १९९३ सालीं बंद पडलें, आणि २०१६ सालीं पुन्हा रंगभूमीसाठीं उघडलें. तेवीस वर्षें कुलूप! आपल्या कुलपास अजून सहाच झालीं आहेत.

सहा वर्षांपूर्वीं सणाच्या नाटकांत संत पेत्राची भूमिका एका बागायतदारांनीं केली होती. कोंबडा आरवल्यावर ते भाषण विसरले आणि खरेंच रडूं लागले. समोर बायामाणसें रडलीं, आणि पुढच्या रांगेंतील त्यांचा नातू "आजोबा, मी आहें" म्हणून ओरडला. त्या रात्रीनंतर, भावाशीं चाललेला बांधाचा तंटा त्यांनीं मिटविला. हें नाटकामुळेंच झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण कळ दाबून तें झालें नसतें, एवढें खास.

म्हणून समितीस आम्हीं कळविलें आहे कीं, पडदा अवश्य घ्या, मात्र तो गुंडाळतां येणारा असावा. रंगमंचाच्या डाव्या बाजूच्या फळ्या कुजल्या आहेत, आणि विंगेंत लग्नाच्या खुर्च्या छतापर्यंत रचल्या आहेत. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर त्या बाहेर काढावयाच्या आहेत. किल्ली आमच्याजवळ आहे. झाडू आपण आणावे.