वियेश्खोस्वावित्सेचा कास्तकार पंतप्रधान



पोलंडातल्या वियेश्खोस्वावित्से या लहानशा गावची ही हकीकत. १८४८ पर्यंत त्या मुलखातला कुणबी जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबत होता. १८७४ साली तिथे गरीब कास्तकाराच्या घरी विन्त्सेंती वितोस जन्मले. १९०९ मध्ये ते गावचे कारभारी झाले, १९२० मध्ये पहिल्यांदा देशाचे पंतप्रधान, आणि एकूण तीनदा. १९३० साली सरकारने त्यांना किल्ल्यात कोंडले. पुढे ते परागंदा झाले. ऑगस्ट १९३७ मध्ये पोलिश शेतकऱ्यांनी दहा दिवस शहरांकडे जाणारा माल रोखला आणि लोकशाही परत मागितली. ४० हून अधिक जण मारले गेले. १९४५ साली वितोस आपल्याच गावच्या मातीत विसावले.

यातून आम्ही एवढेच घेतो: आपला माणूस गादीवर बसला म्हणजे भागत नाही. गादी जाते, गावची एकजूट टिकवावी लागते.