माळा उतरल्यानंतरच्या रात्री

घट बसले की आपल्याकडच्या रात्रींचं रूपच पालटतं. काळ्या मातीत धान्य पेरलं जातं, घटावर रोज एक माळ चढते. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी, ही आपली साडेतीन पीठं गर्दीनं फुलून जातात. गल्लीत भोंडला रंगतो, मैदानात गरबा.

या दिवसांत एक गंमत मी दरवर्षी पाहते. एरवी मुलीला दिवेलागणीच्या आत घरी बोलावणारी आई या नऊ रात्री तिला दहा-अकरापर्यंत खुशाल बाहेर राहू देते. भीती कुठं जाते? रस्ता तोच, मुलगीही तीच. पण दिवे लख्ख असतात, दुकानं उघडी असतात, ओट्यावर आजी-आजोबा बसलेले असतात आणि रस्त्यावर बायकाच बायका असतात. गर्दीत धक्के मारणारे असतातच, म्हणून तर गरब्यात साध्या वेशातले पोलीस ठेवावे लागतात. तरीही त्या गर्दीत हाक मारली तर दहा माना वळतात, हा भरवसा असतो. दसरा होतो, मांडव उतरतो, माळांबरोबर दिवेही निघतात. मग मुलींना पुन्हा घरात बसायला सांगून आपण मोकळे होतो.

महिषासुराची कथा आपण सगळे ऐकत आलो आहोत. पुरुषाच्या हातून मरण नको, एवढंच त्यानं मागून घेतलं; बाईला त्यानं हिशेबातच धरलं नव्हतं. देवी प्रकटली तेव्हा शंकरानं तिला त्रिशूळ दिला, विष्णूनं चक्र, इंद्रानं वज्र आणि हिमालयानं सिंह. ‘जपून राहा हं’ असं सांगून कुणी हात झटकले नाहीत. प्रत्येकानं आपल्याजवळचं काहीतरी दिलं.

आपण काय देतो?

कायद्यानं बरंच दिलं आहे, पण तेही सहजासहजी मिळालेलं नाही. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले. तेव्हा देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. १९९७ साली कामाच्या जागेसाठी ‘विशाखा’ निकालाची मार्गदर्शक तत्त्वं आली, २०१३ साली त्यांचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं तक्रार समिती हवीच. तुमच्या कचेरीत ती आहे का? उद्या जाऊन विचारा. गुन्हा कुठंही घडला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. ११२ हा क्रमांक घरातल्या लहान मुलीलाही पाठ हवा.

आणखी एक गोष्ट, जी ऐकायला कठीण जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगतात की, बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र. म्हणजे दाराला कडी लावून ही भीती बाहेर राहत नाही. मुलगी घाबरत घाबरत काही सांगू लागली तर ‘तू तिथं गेलीसच कशाला?’ असं न विचारता तिचं सगळं ऐकून घेणं, हे आईबापांच्या हातचं शस्त्र आहे. मुलाला ‘नाही’ या शब्दाचा अर्थ शिकवणं, हेही त्यातलंच.

बाकीची शस्त्रं साधीच आहेत. बंद पडलेल्या दिव्याची तक्रार नगरसेवकाच्या मागे लागून तडीस नेणारे काका, एकटी मुलगी उतरली की ती गल्लीत शिरेपर्यंत रिक्षा थांबवून ठेवणारा चालक, शटर अर्धं ओढून आत बसलेला दुकानदार. यांनी मनावर घेतलं तर रस्ता बदलतो. आणि बायांनो, आपणही रस्ता सोडू नये. रात्री जेवणं झाल्यावर चौघीजणी मिळून चौकापर्यंत फेरी मारा. चौघींना पाहून पाचवी बाहेर पडेल.