पाटी, वही आणि गल्ला



आज मी तुमच्याशी दुकानाबद्दल बोलणार आहे. पण हे दुकान पेठेतलं नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचं. गेली वीस-बावीस वर्षं मी अशी दुकानं बांधण्याचं काम करतो. विटा-सिमेंटनं नव्हे, प्रोग्रॅम लिहून. आपण घरबसल्या मोबाइलवर साडी पाहतो, पुस्तक मागवतो, फराळाचा डबा मुलीकडे पाठवतो, तेव्हा त्या पडद्यामागे काय चाललेलं असतं, आणि तिथे घातलेला गोंधळ ग्राहकाला कसा भोवतो, हे मला एका फोनमुळे कळलं. तीच गोष्ट आज सांगतो.

२०१२ सालची दिवाळी. पुण्यातल्या एका फराळवाल्यांसाठी मी इंटरनेटवरचं दुकान तयार केलं होतं. मालकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. एक हजार रुपयांच्या वरच्या खरेदीला कुरियर मोफत, असा त्यांचा नियम होता. दिवाळीच्या तोंडावर कुरियरचे दर वाढले आणि काकांनी ती मर्यादा दीड हजारांवर नेली. मला निरोप आला, मी बदल केला आणि विसरून गेलो.

आठवड्यानं काकांचा फोन. ‘‘जरा या बाईंशी बोल,’’ एवढंच ते म्हणाले. पलीकडे नागपूरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या.

‘‘तुम्हीच ना ते कॉम्प्युटरवाले? अहो, मी पिशवीतली बेरीज पाहून अकराशे ऐंशी रुपये पाकिटात घालून ठेवले होते. कुरियर मोफत असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. दारात आलेला मुलगा तेराशे मागतो! शेजाऱ्यांकडून एकशेवीस रुपये उसने घ्यावे लागले मला. आमच्या गल्लीतला वाणीसुद्धा पाटीवर एक भाव आणि गल्ल्यावर दुसरा असं करत नाही हो.’’

मी माफी मागितली आणि प्रोग्रॅम उघडून बसलो. चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मोफत कुरियरचा तो नियम मी चार ठिकाणी लिहून ठेवला होता. वस्तूच्या पानावर, खरेदीच्या पिशवीच्या पानावर, पैसे भरण्याच्या पानावर आणि ई-मेलनं जाणाऱ्या बिलात. बदल केला तीन ठिकाणी. पिशवीचं पान राहून गेलं. तिथे अजून जुनाच नियम राज्य करत होता. शेवटच्या पानावर तेराशेचा आकडा होता, पण बारीक अक्षरात, आणि बाईंनी पिशवीतला आकडा आधीच कागदावर टिपून घेतला होता. त्यांचं काय चुकलं?

काकांनी त्या रात्री सगळ्या ऑर्डरींची यादी काढायला लावली. असे चाळीसच्या वर ग्राहक निघाले. प्रत्येकाला कुरियरचे पैसे परत गेले. काका मला रागावले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता हे घडलं कसं? घाईनं, हे एक उत्तर झालं. पण खरं कारण अधिक खोल आहे. कुठल्याही दुकानात तीन गोष्टी असतात. एक पाटी, म्हणजे मांडणी. काचेच्या कपाटात काय ठेवायचं, भाव कसा लिहायचा. दुसरी वही, म्हणजे हिशेब आणि नियम. माल किती, भाव काय, सवलत कुणाला. आणि तिसरा गल्ल्यावर बसलेला माणूस. तो गिऱ्हाइकाचं ऐकतो, वही पाहतो आणि त्याप्रमाणे माल काढून देतो. मी वहीतला नियम पाटीवर लिहिला होता, आणि पाट्या चार होत्या.

ही वाटणी काही मी शोधलेली नाही. ट्रिग्व्हे रीन्सकॉग नावाच्या नॉर्वेच्या संगणकतज्ज्ञांनी १९७९ मध्ये, अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात काम करताना ती मांडली. मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर अशी तिची नावं. आपल्या भाषेत ढोबळमानानं वही, पाटी आणि गल्ल्यावरचा माणूस. म्हणजे इंटरनेटवर दुकानं येण्याच्या कितीतरी आधी हे शहाणपण उपलब्ध होतं. पण १९९५ मध्ये रासमुस लर्डोर्फ यांनी पीएचपी खुली केली आणि पुढे तिच्यामुळे पानाच्या मजकुरातच हिशेब लिहिणं फार सोपं झालं. भाषा उपयोगीच, पण सोय झाली की शिस्त सुटते. माझीही सुटली होती.

त्या काळातल्या काही दुकानांत तर वस्तूची किंमत पानातच दडवून ठेवलेली असे आणि गल्ला त्याच किमतीवर विश्वास ठेवी. पण पान उघडतं ग्राहकाच्या संगणकावर. थोडी माहिती असलेला माणूस ती किंमत बदलून हजाराची वस्तू दहा रुपयांत मागवू शकत असे. म्हणून किंमत नेहमी वहीतूनच वाचायची, पाटीवरून नव्हे, हा या धंद्यातला पहिला धडा.

मी धडा घेतला, आणि लगेच दुसरी चूक केली. सगळंच उचलून वहीत टाकलं. नियम तर गेलेच, पण ‘माल संपला’ हे शब्द, त्यांचा लाल रंग, रुपयाचं चिन्ह, सगळं वहीत. पुढच्या पाडव्याला काकांना ‘कुरियर मोफत’ऐवजी ‘घरपोच मोफत’ असं लिहायचं होतं. दोन शब्दांचा बदल, पण त्यासाठी मला हिशेबाचा भाग उघडावा लागला. पाटी रंगवायला आलेल्या रंगाऱ्यानं तिजोरीची किल्ली मागावी, तसा प्रकार झाला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मांडणीलाही स्वतःची अक्कल लागते. वहीत फक्त एवढंच असतं, की चकलीचे शून्य डबे शिल्लक आहेत. मग ‘विकत घ्या’ हे बटण लपवायचं आणि ‘माल संपला’ असं दाखवायचं, हे मांडणीनं ठरवायचं. वहीत सव्वा लाख हा नुसता आकडा असतो. तो मराठी वाचकाला १,२५,००० असा दाखवायचा आणि अमेरिकेतल्या ग्राहकाला १२५,००० असा, हे मांडणीचं काम. एक डबा, पण दोन डबे, हे व्याकरणही तिचंच. हे नियम वहीत घालू नयेत आणि पानापानांवर विखरूनही ठेवू नयेत. वही आणि पाटी यांच्यामध्ये एक वेगळा थर करावा. तो वहीतून कच्ची माहिती घेतो, ग्राहकाला दाखवायच्या रूपात ती तयार करतो आणि पानाकडे देतो. पानानं फक्त ती जागेवर लावायची. बेरीज करायची नाही, सवलत ठरवायची नाही.

याचा फायदा दोन वेळा मोठा दिसला. २०१० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांनी ते तयार केलं होतं. पुढे संगणकांवर ते नीट दिसू लागल्यावर सगळ्या दुकानांना ‘रु.’ जाऊन ते चिन्ह हवं झालं. किंमत लिहिण्याची रीत एकाच ठिकाणी ठेवलेल्यांचं काम एका ओळीत झालं. बाकीचे पानं धुंडाळत बसले. दुसरी वेळ १ जुलै २०१७ ची. जीएसटी लागू झाला आणि कराची सगळी आकडेमोड एका रात्रीत बदलली. तोवर काकांच्या दुकानाची वही आणि पाटी मी वेगळी केली होती. त्या रात्री मी बाराच्या आत झोपलो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर पुन्हा बदलले, तेव्हाही तसाच झोपलो.

पण श्रोतेहो, हा फक्त आम्हा प्रोग्रॅमरांच्या झोपेचा प्रश्न नाही. मांडणीत माणसाला फसवण्याची ताकद असते. माझ्याकडून ते चुकून झालं, काही जण जाणूनबुजून करतात. सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि शेवटच्या पानावर शुल्कं चढवत न्यायची. न विचारता पिशवीत एखादी वस्तू घालायची. माल भरपूर असताना ‘शेवटचे दोन नग’ अशी घाई करायची. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं एकूण किंमत, त्यातल्या शुल्कांच्या फोडीसह दाखवणं बंधनकारक आहे. आधीच खूण केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मांडणीतल्या अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादीच मार्गदर्शक सूचनांत दिली. ‘शेवटचे दोन नग’ हा मजकूर वहीतल्या आकड्यावरून येतो, की कुणी पाटीवर नुसताच रंगवून ठेवला आहे, हा प्रश्न आता कायद्याचाही झाला आहे.

म्हणून जाता जाता दोन गोष्टी सांगतो. तुम्ही ग्राहक असाल, तर पिशवीतला आकडा आणि पैसे भरण्याच्या पानावरचा आकडा ताडून पाहा. फरक दिसला तर कारण विचारा, तो तुमचा हक्क आहे. आणि तुमचं छोटंसं दुकान असेल आणि ते इंटरनेटवर न्यायचं असेल, तर काम करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एकच प्रश्न विचारा: ‘‘उद्या मी मोफत कुरियरचा नियम बदलला, तर तुला किती ठिकाणी हात लावावा लागेल?’’ उत्तर ‘एका’ असं आलं, तर निर्धास्त राहा. ‘बघून सांगतो’ असं आलं, तर समजा, की त्याला अजून नागपूरच्या त्या बाईंचा फोन आलेला नाही.

त्या बाई पुढची कितीतरी वर्षं काकांकडून फराळ मागवत राहिल्या. पैसे मात्र पाकिटात घालण्याआधी त्या फोन करून बेरीज विचारायच्या. काका दर वेळी तो फोन माझ्याकडे द्यायचे. मीही दर वेळी वही पाहूनच आकडा सांगायचो.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)