घरांतल्या पुरुषांची गोधडी

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रांजणगांवच्या महागणपतीच्या क्षेत्रानजीक, शिरूर तालुक्यांतील कारेगांव वसलेलें आहे. मुलूख पर्जन्यछायेंतला, दिवसां ऊन कडक, पण पौष लागला कीं रात्रीं पारा कधीं कधीं १० अंशांच्याहि खालीं उतरतो. अशा दिवसांत घरोघर माळ्यावरच्या गोधड्या खालीं येतात. जुन्या लुगड्याधोतरांची ही ऊब महाराष्ट्रांतील कोणत्याहि घराला नवी नाहीं. परंतु गोधडी शिवणारी बहुधा स्त्री असते. आणि ती ज्या पुरुषासाठीं शिवावयाची, त्याची आवड क्वचितच विचारली जाते. ती ओळखावी कशी व पुरवावी कशी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुरुषांना अशा बाबतींत आवडनिवड नसते, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. पुरुष आवड बोलून दाखवीत नाहीं, पण वागण्यांतून ती उघड होते. गोधडी अपुरी पडली कीं तो ती तिरपी घेतो. उकडूं लागलें कीं पायाशीं लोटतो. जाड शिवण टोंचली कीं उलटी करतो. शिवणाऱ्या बाईनें चार रात्री एवढें पाहिलें तरी पुरे.

पहिली गोष्ट लांबीची. अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपल्याकडे म्हण आहे; पण शिवणारीनें मात्र आधीं पाय पाहून मग अंथरूण-पांघरूण बेतलें पाहिजे. नऊवारी लुगडें म्हणजे २७ फूट कापड, पन्हा सुमारें ४ फूट. त्याचे सारखे चार तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. धांवदोऱ्यानें कापड आवळत जातें, म्हणून शिवून झाल्यावर लांबी आणखी घटते. घरांतील मुलांना ती पुरते. परंतु उंच पुरुषानें डोक्यावरून घेतली कीं पाय उघडे पडतात. त्याच्यासाठीं ७ फुटांचे तीनच तुकडे करावे. उरलेलें ६ फूट कापड कडेच्या पट्टीस कामीं येतें. आणि गोधडी प्रथम विरते ती कडेलाच.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि तिचा संबंध कामाशीं आहे. या भागांतील शेतकऱ्याचें व मेंढपाळाचें बाहेरचें पांघरूण म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली, काळी व भारदस्त अशी ती वस्तु ज्याच्या खांद्यावर उभा जन्म राहिली, त्या वृद्धाला हलकी गोधडी अंगावर आहे असें वाटतच नाहीं. त्याला पांच-सहा थरांचीच हवी. उलट त्याच्या मुलाला शेतीची वीज पुष्कळदां रात्रीं मिळते. पिकाला पाणी देण्यास तो बांधावर जातो. त्याला दोन-तीन थरांची, खांद्यावर टाकतां येईल अशी, चिखल न दिसणाऱ्या रंगाची गोधडी सोयीची. रांजणगांवची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून आणखी एक पुरुष घरांत आला आहे: रात्रपाळी करून दिवसां झोंपणारा. त्याला ऊब नको, प्रकाश अडविणारें गडद व पातळ पांघरूण हवें. एकाच घरांत तीन पुरुष, आणि तिघांच्या तीन गोधड्या.

तिसरी गोष्ट रूपाची. शहरांत वसतिगृहावर राहणारा मुलगा म्हणतो, “आई, ठिगळांची नको, एकरंगी दे.” आईला वाईट वाटतें, परंतु त्याला लाज वाटते ती आईच्या कामाची नव्हे, ठिगळ म्हणजे दारिद्र्य या लोकांच्या समजुतीची. येथें रागावण्यापेक्षां युक्ति बरी. रंगीत तुकडे आंतल्या थरांत घालावे, वरून एकाच रंगाचें कापड लावावें आणि कडेपासून मध्यापर्यंत फिरत जाणारा धांवदोरा वेगळ्या रंगाचा घ्यावा. सरळ ओळींची ती नक्षी पुष्कळ पुरुषांना फुलापानांपेक्षां अधिक रुचते.

चौथी गोष्ट कापडाची, आणि खरी अडचण हीच आहे. इंग्लंडांत १९४१ साली विनफील्ड व डिक्सन यांनीं पॉलिएस्टर धागा शोधला. पुढें त्याच्या साड्या व पाटलोणी घरोघर आल्या. साधारण दमट हवेंत १०० भार कोरडा सुती धागा सुमारें साडेआठ भार ओलावा शोषतो. पॉलिएस्टर अर्धा भारहि शोषीत नाहीं. म्हणून अशा साडीच्या गोधडींत घाम येतो आणि ती अंगावरून घसरते. धोतर नेसणारी पिढी सरत चालली, तशी मऊ सुती जुनेरांची आवकहि आटत चालली आहे. जुने सदरे, लुंग्या, सुती चादरी हेंच आतां पुरुषाच्या गोधडीचें भांडवल. तें बोहारणीच्या भांड्यासाठीं घालविण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

पण या आवडीची किंमत कोण देतो, हेंहि पाहिलें पाहिजे. पांच थरांची गोधडी भिजली कीं एकटीच्या हातांनीं पिळली जात नाहीं. ज्याला जड गोधडी हवी, त्यानें तिचें दुसरें टोंक धरावें. आवड पुरवून घेणाराचें एवढें कर्तव्य खास आहे.

शेवटीं एका दूरच्या घराची हकीकत. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत जीज बेंड नांवाची शेतकरी कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील मिझूरी पेटवे या बाईनें पतीच्या निधनानंतर, १९४२ मध्यें, त्याचे शेतांत वापरून विटलेले कपडे उसवून त्यांची गोधडी केली. मुलगी मदतीला होती. त्याची आठवण राहावी आणि ती अंगावर घेतां यावी, हा हेतु. २००२ मध्यें ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत जीज बेंडच्या गोधड्यांचें प्रदर्शन भरलें, आणि त्या वस्तीचें नांव जगभर झालें.

आपल्याकडेहि गेलेल्या माणसाचें धोतर नातवाच्या गोधडींत शिवणाऱ्या आज्या होत्या व आहेत. तें योग्यच. परंतु ज्याचें धोतर त्यालाच, तो हयात असतांना, त्याच्या मापाची व त्याच्या मनाजोगी गोधडी मिळाली तर अधिक योग्य. त्यासाठीं फारसें कांहीं लागत नाहीं. थंडीपूर्वीं एका संध्याकाळीं जुन्या कपड्यांचें गांठोडें सोडावें, घरांतल्या पुरुषांना भोंवतीं बसवावें आणि विचारावें, “तुम्हांला यांतलें कोणतें हवें?”