घागरभर पाणी



सिल्लोडहून जळगावच्या सडकेनं निघालं, की अजिंठा गाव लागतं. पुढं घाट उतरला, की लेणी. तिथल्या १० आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांत श्यामाची जातककथा रंगवलेली आहे. श्याम म्हणजे आपल्या श्रावणबाळाचाच भाऊ म्हणा ना! आईवडील आंधळे. हा नदीवर पाणी आणायला गेला आणि शिकारीला आलेल्या काशीच्या राजाचा बाण त्याला लागला. मरणाच्या दारात त्याला एकच चिंता : माझ्यामागं आईबापांकडे कोण पाहील? जातकात पुढं तो वाचतो आणि आईबापांना दृष्टीही येते.

मला मात्र बोलायचं आहे ते त्याच्या घागरीविषयी. श्यामानं बापासाठी मोठं असं काय केलं? रोजचं पाणी भरलं, एवढंच. वडिलांचा मान तो हाच.

आता आपल्या घरात पाहू. मका घरात येतो, कापूस विकला जातो, आणि एक दिवस भावाभावांत वाटण्या होतात. जमिनीबरोबर म्हाताऱ्याचीही पाळी लागते : महिनाभर थोरल्याकडे, महिनाभर धाकट्याकडे. भाकर मिळते हो. पण 'बाबा, यंदा कोणतं बी घ्यावं?' असं कुणी विचारत नाही. ज्यानं बांधावरचा दगडन् दगड उचलला, तो आपल्याच ओसरीवर पाहुणा होतो. पुढं त्याच्या फोटोला मोठा हार घातला, तरी ती उणीव भरून निघत नाही.

पोटगीसाठी सरकारनं २००७ साली कायदा केला. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांना मुलांकडून पोटगी मागता येते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. महिन्याला दहा हजार रुपये ही त्या कायद्यातली कमाल मर्यादा. आणि वडीलधाऱ्यांनो, जमीन मुलाच्या नावे करून देताना 'माझा सांभाळ करावा' ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. वय साठ किंवा अधिक असेल आणि मुलानं ती अट मोडली, तर न्यायाधिकरणाला ते बक्षीसपत्र रद्द ठरवता येतं. अट लिहिली म्हणजे मुलावर अविश्वास दाखवला, असं नाही. चांगल्या मुलाला ती जड वाटणार नाही.

पण कायदा भाकर देववील, बोलणं कुठून देववील? त्यासाठी गुरुजनांना एक विनंती. पोरांची सहल लेण्यांत नेलीत, की २६ व्या लेण्याचीही गोष्ट सांगा. तिथं पाचव्या शतकातला शिलालेख आहे. ते लेणं करवलं बुद्धभद्र नावाच्या भिक्षूनं. घरदार सोडलेला माणूस. तरी आपला स्नेही भव्विराज याच्यासाठी आणि आईवडिलांसाठी त्यानं ते अर्पण केलं. ज्यानं घर सोडलं, तोही त्यांना विसरला नाही. आपण तर एकाच छपराखाली राहतो!

मग मुलांना गृहपाठ द्या : आपली विहीर कुणी खोदली? कोणत्या दुष्काळात घर कसं तगलं? वडिलांना विचारून लिहून आणा. ज्यांना वडील नाहीत, त्यांनी आजोबांना, मामांना, आईला विचारावं.

आणि आपण मोठ्यांनी? आज हे भाषण संपलं, की उठावं, तांब्याभर पाणी घ्यावं आणि ओसरीवर बापाजवळ जाऊन बसावं. बोलायला विषय नसला तरी चालेल. तो काढील.

नमस्कार.