श्रवणयंत्राचा नवा साचा
कानामागे बसणाऱ्या श्रवणयंत्रातील ध्वनी कर्णनलिकेत पोहोचवणारा आणि त्या-त्या कानाचे माप घेऊन घडवलेला ॲक्रिलिकचा वा सिलिकॉनचा भाग म्हणजे साचा, ज्याला व्यवहारात 'इअर मोल्ड' म्हणतात. नवा साचा घातल्यावर कान दाटल्यासारखा वाटतो आणि स्वतःचाच आवाज घुमतो, कारण बोलताना हाडांतून आलेली कंपने बंद झालेल्या नलिकेत कोंडली जातात; साच्यातील बारीक वायुछिद्र हा घुमारा कमी करते, मात्र ते फार रुंद केल्यास यंत्र शिट्टी वाजवू लागते. म्हणून प्रारंभी शांत घरात तास-दोन तास साचा वापरून पुढे वेळ वाढवत नेणे हितावह ठरते.

परंतु सवय होणे आणि दुखणे सोसणे यांत गल्लत होता कामा नये, हे आग्रहाने सांगणे आवश्यक आहे. कान लाल होणे किंवा सोलवटणे ही साचा दुरुस्त करण्याची वेळ आल्याची खूण असते. जबडा हलताना कर्णनलिकेचा आकार किंचित बदलत असल्याने, जेवताना टोचणारी नेमकी जागा श्रवणतज्ज्ञास दाखवावी; कठीण साचा तेथे घासून नीट करता येतो, घरी कानशीने घासू नये. वाढत्या वयातील मुलांचा कानही वाढत असल्याने साचा सैल पडून शिट्टी येऊ लागते, आणि तेव्हा नवे माप घ्यावे लागते.