झुकणे नाकारले, पुढे काय?

(कार्यकर्ती शिबिरातील भाषण)

'वाममार्ग' हा आपल्या तंत्रपरंपरेतला शब्द. एकोणिसाव्या शतकात हेलेना ब्लाव्हाट्स्की यांच्या थिऑसॉफीच्या लेखनातून तो पाश्चात्त्य गूढविद्येत रुळला. १९६६ साली अँटन लाव्हे यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'चर्च ऑफ सेटन' काढले. त्यांचा सैतान म्हणजे पूजायचा देव नव्हे, तर कोणापुढेही न झुकणाऱ्या माणसाचे प्रतीक. पाप, प्रायश्चित्त, शरणागती नाकारायची. आपले दैवत आपणच.

व्रतवैकल्यांत वाढलेल्या मला हे ऐकून मोकळे वाटते. आमच्या केंद्रावर मार खाऊन आलेली बाई आधी म्हणते, "भोग आहेत माझे." तिला 'मी' म्हणता येणे ही मोठीच गोष्ट आहे.

पण त्यांच्या सुरुवातीच्या विधींत वेदी कोणती होती? विवस्त्र स्त्रीचे शरीर. मुख्य पुरोहित लाव्हे स्वतः. शिवाय त्यांच्या विचारात मान बलवानाला, दुबळ्याच्या वाट्याला तुच्छता. मग या बाईला तिथे जागा कुठली?

म्हणून 'झुकू नकोस' एवढे सांगून आपले काम संपत नाही. ती घराबाहेर पडेल त्या रात्री तिच्यासोबत कोण असेल, हेही आपणच ठरवायचे आहे.